तिकीट छापण्याचा अधिकार

टपालाचें तिकीट ही वस्तु इतकी लहान व इतकी नित्याची आहे कीं, तिच्या अंगीं असलेल्या अधिकाराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. बोटभर कागद, पाठीमागें गोंद आणि पुढें चित्र. पण तो लखोट्यावर चिकटविला म्हणजे ज्यांचें कधीं तोंडही पाहिलें नाहीं अशीं माणसें तो लखोटा हातोहात शेंकडों कोस पोंचवितात. याचें कारण, त्या कागदावर सरकारची साक्ष असते: या पत्राचें हंशील भरून पावलें. तिकीट ही पावती आहे. आणि पावती देण्याचा अधिकार पैसे घेणाराचा, देणाराचा नव्हे. देणारानेंच घरीं बसून आपल्या हातानें पावती लिहावी, हें ऋणकोनेंच कर्जरोख्यावर 'फिटलें' असा शेरा मारण्यासारखें आहे. तरीही अमेरिकेंत नेमकी हीच गोष्ट घडली. ९ ऑगस्ट १९९९ रोजीं तेथील टपाल खात्यानें दोन खासगी कंपन्यांच्या योजनांस मान्यता दिली, आणि सामान्य गृहस्थ घरच्या संगणकावरून साध्या पाकिटावर किंवा पत्त्याच्या लेबलावर टपालहंशील छापूं लागला. नोटा छापण्याचा अधिकार कोणतेंही सरकार प्रजेच्या हातीं देत नाहीं. मग हंशील छापण्याचा अधिकार कसा दिला, आणि त्याच्या मोबदल्यांत काय मागून घेतलें, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे.

त्याचें उत्तर शोधावयाचें तर तिकिटाच्या जन्मापर्यंत मागें गेलें पाहिजे. इंग्लंडांत १८४० पूर्वीं हंशील बहुधा पत्र घेणारानें द्यावयाचें असे. अंतर किती आणि कागद किती यांवरून तें ठरे. कारकून लेखणीनें लखोट्यावर आंकडा घाली, आणि टपालवाला दारांत उभा राहून तेवढे पैसे मागे. रोलंड हिल यानें १८३७ सालीं आपल्या पुस्तिकेंत दाखवून दिलें कीं, पत्र एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्याचा खर्च अगदीं अल्प आहे. खरा खर्च होतो तो हिशेब ठेवण्यांत आणि दारोदार वसुली करण्यांत. तेव्हां हंशील आधींच घ्यावें, तें अंतर न पाहतां सर्वांस सारखें असावें, आणि तें घेतल्याची खूण पत्राच्याच अंगावर असावी. ६ मे १८४० पासून चालू झालेलें एक पेनीचें काळें तिकीट हें या विचाराचें फळ होय.

परंतु खूण आली कीं खोट्या खुणेची भीति आलीच. त्या पहिल्या तिकिटाची सारी घडण या भीतीनें केलेली आहे. राणीचा चेहरा पोलादावर कोरला, कारण चेहऱ्यांतील बारीकसा फरकही माणसाच्या डोळ्यास चटकन् जाणवतो. त्यामागें यंत्रानें कोरलेल्या नाजूक रेषांचें जाळें घातलें. कागदाच्या पोटांत मुकुटाची जलखूण ठेविली. आणि खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरें घातलीं. एका तावावर वीस ओळी, दर ओळींत बारा, अशीं २४० तिकिटें असत, आणि त्यांतील प्रत्येकाची अक्षरांची जोडी निराळी असे. जणूं त्या तावावर प्रत्येक तिकिटाला स्वतःचा पत्ता होता. एवढें करूनही एक वाट उघडी राहिलीच. वापरलेल्या तिकिटावर मारावयाचा शिक्का तांबड्या शाईचा होता, आणि ती शाई पुसून काढतां येई; मग तेंच तिकीट पुन्हा दुसऱ्या पत्रावर चढे. शेवटीं १८४१ सालीं तिकीट तांबडें झालें आणि शिक्का काळा. तिकीट जन्मून वर्ष होतें न होतें तोंच सरकारला दोन धोके उमगले: बनावट तिकीट हा एक, आणि खरें तिकीट दोनदां वापरणें हा दुसरा. पुढील दीडशें वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन धोक्यांशीं चाललेली झुंज आहे.

हिंदुस्थानांतही हीच काळजी दिसून येते. १८५२ सालीं सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर यानें आपल्या प्रांतापुरतीं तिकिटें काढलीं. आशियांतील तीं पहिलीं. १८५४ सालीं साऱ्या देशाकरितां कलकत्त्यास तिकिटें छापलीं, पण लवकरच तें काम लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेलें, आणि सुमारें सत्तर वर्षें हिंदुस्थानचीं तिकिटें समुद्रापलीकडून बोटीनें येत राहिलीं. १९२५ च्या सुमारास नाशिकास सरकारी छापखाना उभा राहिला, आणि १९२६ पासून तिकिटें तेथें छापलीं जाऊं लागलीं. १९२८ पासून नोटाही तेथेंच निघूं लागल्या. तिकीट आणि नोट यांची छपाई एकाच तटाच्या आंत व्हावी, यांतच सर्व कांहीं आलें. तिकीट हा चलनी नोटेचाच धाकटा भाऊ, आणि त्याचें जन्मस्थान पहाऱ्याच्या आंत.

या पहाऱ्याबाहेर पहिलें पाऊल पडलें तें लोखंडी यंत्राचें. मोठमोठ्या पेढ्यांस रोज ढिगांनीं पत्रें पाठवावयाचीं असत. तिकिटें चिकटविण्यांत कारकुनांचा वेळ जाई, आणि टेबलाच्या खणांतून तिकिटें चोरीसही जात. शिकागोच्या आर्थर पिटनी यानें १९०२ सालीं हंशिलाचा शिक्का मारणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पण अमेरिकेच्या टपाल खात्याचें मन वळावयास १९२० साल उजाडावें लागलें. पिटनी आणि वॉल्टर बोज या दोघांच्या कंपनीचें यंत्र त्या वर्षीं मान्य झालें, आणि १९२२ पासून अशा छापाचीं पत्रें देशोदेशीं स्वीकारलीं जाऊं लागलीं. बँकांच्या व कचेऱ्यांच्या पाकिटांवर तांबड्या शाईंत उमटलेला जो छाप घरोघरीं परिचयाचा झाला, तो याच जातीच्या यंत्राचा.

हें यंत्र गिऱ्हाइकाच्या टेबलावर असे, पण त्याच्या मालकीचें नसे. तें भाड्यानें मिळे. त्याच्या पोटांत मोजणीचीं दोन चक्रें असत. एक चढतें: आजवर किती हंशील छापलें तें सांगणारें. दुसरें उतरतें: आधीं भरलेल्या रकमेपैकीं किती शिल्लक आहे तें सांगणारें. दोहोंची बेरीज नेहमीं भरलेल्या एकूण रकमेइतकी आली पाहिजे. शिल्लक संपली कीं यंत्र अडे. मग तें उचलून टपाल कचेरींत न्यावयाचें. तेथें पैसे भरले कीं अधिकारी कुलूप काढी, चक्र पुढें सारी, आणि पुन्हा मोहोर लावी. तेव्हां सरकारनें गिऱ्हाइकावर विश्वास ठेविला असें म्हणतां येणार नाहीं. सरकारनें आपली एक लहानशी कचेरी कुलूप लावून त्याच्या टेबलावर ठेविली, एवढेंच. पूर्वीं विश्वास कागदावर होता. तो आतां पेटीवर बसला.

पण पेटी केव्हां तरी फोडतां येतेच. यांत्रिक चक्रें कुशल हातांना मागें फिरवितां येत, आणि शिक्का साध्या शाईचा असल्यामुळें त्याची नक्कल करणेंही फारसें अवघड नव्हतें. अमेरिकेच्या टपाल खात्यानें १९९० नंतरच्या दशकांत हीं जुनीं यंत्रें टप्प्याटप्प्यानें रद्द केलीं. त्याच सुमारास एक नवा विचार पुढें आला. पिटनी-बोज कंपनींतील होसे पास्तोर यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतील डग टायगर व बेनेट यी यांनीं १९९३ च्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, हंशिलाच्या छापाचें रक्षण कागदानें किंवा लोखंडानें न करतां गणितानें करावें.

गणित रक्षण तें कसें करणार, असा प्रश्न कोणीही विचारील. मराठेशाहींतील कागदपत्रें ज्यानें पाहिलीं असतील त्याला ही कल्पना फार परकी वाटूं नये. त्या पत्रांवर आरंभीं मुद्रा असे, आणि मजकूर संपला त्याच जागीं मोर्तब उठविलेलें असे. हेतु हा कीं, त्याखालीं कोणी एक ओळही वाढवूं नये. पण मोर्तबाचा छाप सर्व पत्रांवर सारखाच. ज्याला तें खोदून घेतां आलें त्याला तें कोणत्याही पत्रावर उठवितां येईल. आतां असें मोर्तब कल्पावें कीं, ज्याचा आकार प्रत्येक पत्राच्या मजकुरावरून ठरतो. मजकुरांत एक आंकडा बदलला तर जुना छाप जुळत नाहीं, आणि नवा छाप उठविणें ज्याच्यापाशीं गुप्त किल्ली आहे त्यालाच शक्य असतें. पारखणाऱ्याला ती गुप्त किल्ली लागत नाहीं. त्याच्याजवळ दुसरी एक उघड किल्ली असते. तिनें छाप खरा कीं खोटा एवढें कळतें, पण नवा छाप करतां येत नाहीं. १९७६ ते १९७८ या काळांत अमेरिकेंतील विद्वानांनीं प्रसिद्ध केलेल्या शोधांवर ही युक्ति उभी आहे.

१९९९ च्या घरगुती छापांत तीच वापरलेली होती. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यांत, तिकिटाच्या जागीं, बारीक काळ्या-पांढऱ्या खुणांची एक दाट चौकट उमटे. तींत हंशिलाची रक्कम, तारीख, परवानेदाराच्या यंत्रणेचा अंक, चढत्या व उतरत्या मोजणीचे आंकडे, पत्र जावयाच्या ठिकाणाचा टपाल-क्रमांक, आणि या सर्वांवरून काढलेली ती गणिती सही, इतकें सांठविलेलें असे. जुन्या यंत्राचीं दोन चक्रें अशा रीतीनें शाईंत उतरलीं. घरच्या शाईंत मात्र एक उणीव होती. तेथील तिकिटांत चमकणारें द्रव्य घातलेलें असतें, आणि त्यावरून शिक्का मारणाऱ्या यंत्रास पाकिटाची सुलटी बाजू कळते. घरची शाई चमकत नाहीं. म्हणून चौकटीच्या डावीकडे उभ्या रेघांची एक खूण छापावी लागे, आणि ती पाहून यंत्र पाकीट ओळखी.

या सहीचें सामर्थ्य मोठें खरें. परंतु एका गोष्टीपुढें ती हतबल असते. सही बनावट करतां आली नाहीं तरी तिची हुबेहूब प्रत काढतां येते. घरच्या छपाईयंत्राला एकाऐवजीं दहा प्रती काढावयास सांगितल्या तर तें दहा काढील, आणि दहाही प्रतींवरील सही सारखीच खरी ठरेल. १८४१ मधील पुसलेल्या शिक्क्याचा धोका येथें नव्या वेषांत उभा राहिला. कागद आतां साधा, शाई साधी. त्यांच्याकडून कसली साक्ष मिळणार? म्हणून साक्ष पत्राकडूनच घ्यावी लागली. चौकटींत तारीख व ठिकाण घातलें कीं तिची नक्कल त्या दिवसाच्या व त्या ठिकाणाच्या पत्राखेरीज कोठें चालत नाहीं. आणि प्रत्येक चौकटीचा अंक वहींत टिपून ठेविला कीं तोच अंक दुसऱ्यांदा आल्यास पकडतां येतो. जें काम पूर्वीं कागदाच्या अंगच्या गुणानें होई, तें आतां नोंदवहीनें करावयाचें होतें.

मान्यता मिळालेल्या दोन कंपन्यांनीं या कामाच्या दोन निराळ्या वाटा धरल्या होत्या. ई-स्टॅम्प या कंपनीनें संगणकास जोडावयाची एक लहानशी डबी दिली. भरलेल्या पैशांचा हिशेब त्या डबींत राही. ही पिटनीच्या पेटीचीच नात म्हणावयाची. स्टॅम्प्स डॉट कॉम या कंपनीनें घरांत कांहींच ठेविलें नाहीं. गिऱ्हाइकाचें खातें कंपनीच्या संगणकावर, आणि छापावयाच्या वेळीं इंटरनेटवरून त्या खात्यांतून वजावट. निकाल लवकरच लागला. ई-स्टॅम्पनें थोड्याच काळांत हा धंदा सोडला, आणि तिचीं पेटंटें व नांव २००१ सालीं प्रतिस्पर्धी कंपनीनेंच विकत घेतलें. पेटी हरली, वही जिंकली.

या वहीची किंमत काय पडली, हा या इतिहासांतील सर्वांत मोलाचा मुद्दा आहे. चिकटविण्याचें तिकीट मुकें असतें. तें कोणीं विकत घेतलें, कोठें, केव्हां, कोणाच्या पत्राकरितां, यांतलें तें कांहींच सांगत नाहीं. खिडकीवर नाणें टाकून तिकीट घ्यावें, रस्त्यावरील पेटींत पत्र सोडावें, आणि निघून जावें. तिकिटावरून लिहिणाराचा माग काढणें दुरापास्त. या मुकेपणाचा उपयोग निनावी धमक्या देणारांनीं केला हें खरें. पण वरिष्ठाचा लांचखाऊपणा उघडकीस आणणारा कारकून, धन्याचा अन्याय वर्तमानपत्रास कळविणारा मजूर, सासरच्या छळाविषयीं चोरून माहेरीं लिहिणारी मुलगी, यांनाही त्याच मुकेपणाचा आधार होता. ही मोकळीक कोणत्या कायद्यानें बहाल केलेली नव्हती. ती तिकिटाच्या घडणींतूनच आपोआप निघाली होती. घरीं छापलेलें हंशील मात्र बोलकें असतें. कोणत्या खात्यांतून, किती वाजतां, कोणत्या गांवच्या पत्रासाठीं हंशील निघालें, हें तें विचारणाराला सांगूं शकतें. घरीं तिकीट छापण्याचा अधिकार मिळाला, आणि निनावी राहण्याचा अधिकार त्याच व्यवहारांत हातचा गेला.

हा केवळ तर्क नव्हे. २००१ सालीं अमेरिकेंत अँथ्रॅक्स रोगाचे जंतु घातलेलीं पत्रें टपालानें गेलीं आणि पांच माणसें दगावलीं. तीं पत्रें हंशील आधींच छापलेल्या, टपाल कचेरींत मिळणाऱ्या पाकिटांतून गेलीं होतीं. त्या पाकिटांवरील छाप पाठविणाराचें नांव सांगणारा नव्हता. पुढें २००३ सालीं, टपाल खात्याचें भवितव्य ठरविण्यास अध्यक्षांनीं नेमलेल्या मंडळानें अशी सूचना केली कीं, प्रत्येक पत्रावर पाठविणाराची ओळख असावी या दृष्टीनें विचार व्हावा. नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्यांनीं तिला विरोध केला, आणि तशी सक्ति झाली नाहीं. तरी सरकारच्या मनांतील ओढ कोणीकडे आहे तें यावरून दिसतें. घरगुती छपाईनें ती सोय स्वेच्छेच्या वाटेनें आधींच आणून ठेविली होती.

गिऱ्हाइकांनाही प्रत्येक वेळीं ठिकाण सांगून छापणें जाचक वाटे. चार पाकिटें पुढें लागतील म्हणून आजच हंशील छापून ठेवावें, ही तिकिटाची साधी सोय त्यांत नव्हती. म्हणून २००२ सालीं स्टॅम्प्स डॉट कॉमनें लेबलांचे खास ताव काढले. त्यांवर पत्ता न सांगतां हंशील छापतां येई. मात्र तावावर आधींच छापलेला अनुक्रमांक संगणकास कळवावा लागे. म्हणजे साधा कागद हवा तर पत्राची हकीकत सांगा, हकीकत सांगावयाची नसेल तर विशेष कागद घ्या. साक्ष कोठून तरी आलीच पाहिजे, हा रोलंड हिलच्या काळचा नियम येथेंही चुकला नाहीं.

दैवाचा खेळ असा कीं, घराला तिकीट छापण्याचा अधिकार मिळाला तो घरानें पत्रें लिहिणें सोडण्याच्या वेळीं. अमेरिकेंतील पहिल्या वर्गाच्या टपालाची संख्या २००१ सालीं सुमारें १०३ अब्ज नगांवर पोंचली, तोच तिचा कळस. पुढील वीस-बावीस वर्षांत ती निम्म्याहून खालीं आली. खुशालीचीं पत्रें आणि बिलें संगणकाच्या तारेवरून जाऊं लागलीं. घरगुती छपाईचा खरा लाभ घेतला तो पत्रलेखकांनीं नव्हे, तर घरच्या खोलींत बसून इंटरनेटवर माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांनीं. त्यांना पार्सलें पाठवावयाचीं असत. पत्ता आणि हंशील एकाच लेबलावर छापलें कीं कचेरींतील रांग टळे. त्यांना निनावी राहण्याची गरज नव्हती. उलट पार्सल कोठवर गेलें याची बित्तंबातमी हवी होती. त्यांच्यासाठीं वही ही अडचण नसून सोयच होती.

नोंदवहीचें राज्य पुढें साध्या तिकिटावरही पसरलें. ज्या इंग्लंडांत काळें पेनी-तिकीट जन्मलें, तेथें २०२२ सालीं नित्याच्या तिकिटांवर प्रत्येकाचा निराळा बारकोड आला, आणि ३१ जुलै २०२३ नंतर बारकोड नसलेलीं नित्याचीं तिकिटें बाद झालीं. १८४० मधील कोपऱ्यांतल्या दोन अक्षरांचा हा वंशज. फरक इतकाच कीं, तीं अक्षरें २४० तिकिटांत एकदां येत आणि दुसऱ्या तावावर पुन्हा येत. हा अंक पुन्हा कधींच येत नाहीं. यंत्रानें तिकीट बनावट ठरविलें तर पत्र घेणाराकडून पांच पौंड मागितले जात. आपलें तिकीट टपाल कचेरींतूनच घेतलेलें होतें, असें सांगणारे लोक पुढें आले, आणि २०२४ सालीं तो दंड स्थगित झाला. हंशिलासाठीं घेणाराच्या दारांत उभें राहावयाचें नाहीं, या हेतूनें जें तिकीट निघालें, त्याच्याच पायीं घेणारा पुन्हा पैसे देऊं लागला होता.

जर्मनींत तर छपाईचीही गरज उरली नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत तेथील टपाल कंपनीनें अशी सोय केली कीं, खिशांतील दूरध्वनीवरून हंशील भरावें, त्यावर आठ अक्षरांचा संकेत मिळेल, तो पाकिटाच्या कोपऱ्यांत साध्या लेखणीनें लिहावा. ना तिकीट, ना यंत्र, ना विशेष शाई. १८४० पूर्वींचा इंग्रज कारकून हंशिलाचा आंकडा लेखणीनेंच लखोट्यावर लिहीत असे. पावणेदोनशें वर्षांनीं लेखणी पुन्हा पाकिटाच्या त्याच कोपऱ्यावर आली. मात्र ती आतां कारकुनाच्या हातून पत्र लिहिणाराच्या हातीं आली आहे.

यावरून सरकार प्रजेवर अधिक विश्वास ठेवूं लागलें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. ऋणकोला आपल्या हातानें 'फिटलें' असें लिहिण्याची मुभा मिळाली, ती धनकोची वही सदैव उघडी राहूं लागली म्हणून. तटाच्या आंतला पहारा उठला. तो प्रत्येक पत्राच्या पाठीशीं उभा राहिला. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं, आणि पार्सल पाठविणारा कोणीही जुन्या रांगेंत परत जाऊं इच्छिणार नाहीं. पण ज्याला एखादें पत्र आपलें नांव मागें न ठेवतां पाठवावयाचें आहे, त्याला आजही खिडकीवर नाणें टाकून मिळणारा, गोंद लावलेला, मुका कागद जवळचा वाटेल. तो कागद जोंवर मिळतो आहे, तोंवर त्याची किंमत त्याच्यावर छापलेल्या आंकड्याहून थोडी अधिकच समजली पाहिजे.